दूषित जमिनीचे शुद्धीकरण आणि निधीचा प्रश्न : अनुसूचित क्षेत्राबाहेरील आदिवासी गावांच्या संदर्भात

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. येलदरी आणि सिद्धेश्वर या दोन जलाशयांनी मराठवाड्याच्या मोठ्या भूभागाला सिंचनाचे पाणी दिले. धरणाच्या आसपास आणि शेजारच्या कळमनुरी तालुक्यात आंध या आदिवासी जमातीची वस्ती असलेली अनेक गावे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेनऊ टक्के आहे. या कुटुंबांचा निर्वाह प्रामुख्याने शेती आणि शेतमजुरीवर चालतो.

पदवी वर्गास पर्यावरण अभ्यास शिकविताना ‘प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा’ हे तत्त्व आपण सर्वच प्राध्यापक सांगत असतो. अशाच एका तासाला आंध समाजातील एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, “सर, करणारा सापडलाच नाही, किंवा सापडला आणि त्याच्याकडे पैसाच नसला, तर आमच्या वावराचे काय?” पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे.

सिद्धेश्वर परिसरातील जमीन दूषित आहे, असे येथे सुचवावयाचे नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. परंतु कालबाह्य कीटकनाशकांचा पुरलेला साठा, बंद पडलेल्या कारखान्याचे आवार, रात्रीच्या वेळी ओढ्यात रिकामा केलेला रसायनाचा टँकर यांपासून कोणताही ग्रामीण भाग कायमचा सुरक्षित नसतो. अशी वेळ आलीच, तर शुद्धीकरणाचा पैसा कोणत्या मार्गाने येऊ शकतो, हे आधीच ठाऊक असणे हिताचे आहे.

उद्दिष्टे

१. दूषित जमिनीच्या शुद्धीकरणासाठी भारतात उपलब्ध असलेल्या निधीच्या मार्गांचा परिचय करून देणे.
२. आदिवासी गावांना, विशेषतः अनुसूचित क्षेत्राबाहेरील गावांना, या मार्गांचा कितपत उपयोग होतो हे तपासणे.
३. गोव्यातील खाणग्रस्त आदिवासी गावे आणि अमेरिकेतील नवाहो समाज यांच्या अनुभवातून आपल्या जिल्ह्यासाठी बोध घेणे.

लेखासाठी कायदे, नियम, न्यायालयीन निर्णय व प्रकाशित माहिती या दुय्यम साधनांचा आधार घेतला असून मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

दूषित जमीन : संकल्पना

नापीक जमीन आणि दूषित जमीन यांत भेद करणे आवश्यक आहे. चिबड किंवा चोपण जमिनीत दोष असतो तो पाण्याच्या निचऱ्याचा वा क्षारांचा. दूषित जमिनीत मात्र मानवी व्यवहारातून आलेले घातक पदार्थ, उदाहरणार्थ शिसे, पारा, क्रोमियम, आर्सेनिक किंवा कीटकनाशकांचे अवशेष, अशा प्रमाणात साठलेले असतात की त्यांमुळे मनुष्य, जनावरे, पीक अथवा भूजल यांना धोका निर्माण होतो. अशी जमीन वरून पाहता अगदी सुपीक दिसू शकते.

येथेच एक व्यावहारिक गैरसमज संभवतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेमुळे आज अनेक शेतकऱ्यांच्या घरी माती परीक्षणाचा कागद असतो. त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन हे १२ घटक तपासलेले असतात. पिकाला काय कमी पडते, हे त्यावरून कळते. मातीत विष आहे काय, हे कळत नाही. शिसे, पारा, आर्सेनिक वा कीटकनाशकांचे अवशेष त्या तपासणीत येतच नाहीत. त्यामुळे ‘आमच्या मातीची तपासणी झाली आहे’ हे शेतकऱ्याचे विधान खरे असूनही प्रदूषणाच्या संदर्भात निरुपयोगी ठरते.

आदिवासी शेतकऱ्याच्या बाबतीत या प्रश्नाची तीव्रता अधिक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ अ अन्वये आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होऊ शकत नाही. ही तरतूद आदिवासींच्या संरक्षणासाठीच आहे व ती योग्यही आहे. तथापि तिचा परिणाम असा की, जमीन विकून अन्यत्र जाणे हा मार्ग त्याच्यासाठी जवळजवळ बंद असतो. ज्याची जमीन त्याच्यापासून सुटत नाही, त्याच्यासाठी ती शुद्ध करणे हाच एकमेव उपाय उरतो. नुकसानभरपाई आणि शुद्धीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. भरपाई व्यक्तीच्या हाती पडते आणि खर्च होते. जमीन आहे तशीच राहते.

खर्च कोणी सोसावा : बिच्छरीचा धडा

प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा, हे तत्त्व भारतीय कायद्यात ठामपणे आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी १९९६ च्या बिच्छरी निर्णयाने. राजस्थानातील उदयपूरजवळच्या या गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘एच-ॲसिड’ या रसायनाचे उत्पादन झाले. त्यातून निघालेला सुमारे २,४४० टन विषारी गाळ उघड्यावर टाकला गेला. तो पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरला आणि परिसरातील विहिरींचे पाणी पिण्यास व शेतीस निकामी झाले. १९८९ मध्ये याचिका दाखल झाली. माती व भूजल पूर्ववत करण्याचा संपूर्ण खर्च उद्योगांनी द्यावा, असे न्यायालयाने ठरविले.

या निर्णयानंतरचा इतिहास आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. शुद्धीकरणास नेमका किती खर्च येईल, हे नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या (नीरी) अभ्यासातून निश्चित झाले आणि ३७.३८५ कोटी रुपये हा आकडा पुढे आला. उद्योगांनी ती रक्कम भरली नाही. अर्जांवर अर्ज होत राहिले. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह ती रक्कम भरण्याचा आदेश दिला आणि १० लाख रुपये खर्चही बसविला. याचिकेपासून या आदेशापर्यंत २२ वर्षे गेली.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, प्रदूषक ज्ञात असूनही पैसा हाती येण्यास एक पिढी जाऊ शकते. दुसरी गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते : तज्ज्ञ संस्थेने जागेवर जाऊन मोजमाप करून आकडा दिला नसता, तर न्यायालयाला वसूल करण्यासारखी रक्कमच नव्हती. निधीच्या मागणीचा प्रारंभ मोजणीपासून होतो.

निधीचे प्रमुख मार्ग

(अ) न्यायाधिकरणाचा मार्ग : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० मधील कलम १५ अन्वये पीडितांना भरपाई, मालमत्तेची पुनर्स्थापना आणि दूषित परिसराची पुनर्स्थापना अशा तिन्ही प्रकारचे आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुणे येथे आहे. मात्र यासाठी, कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. जमिनीचे प्रदूषण हे अनेकदा दहा-पंधरा वर्षांनी लक्षात येते. म्हणून ही मुदत गावाच्या विरोधात जाण्याची शक्यता असते.

(आ) जिल्हा खनिज प्रतिष्ठान : खाणी व खनिजे कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ९ ब आले. त्यानुसार खाणपट्टाधारकाने स्वामित्वधनाखेरीज एक अंशदान द्यावयाचे असते. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी ते स्वामित्वधनाच्या ३० टक्के, तर त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के आहे. हा पैसा त्या जिल्ह्यातील खाणबाधित लोकांसाठी व क्षेत्रासाठी असतो. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेनुसार प्रारंभी किमान ६० टक्के आणि २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान ७० टक्के रक्कम उच्च प्राधान्याच्या बाबींवर खर्च करावयाची असते. पर्यावरण संवर्धन व प्रदूषण नियंत्रण ही त्यांपैकी एक बाब आहे; परंतु तिला पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण या बाबींशी स्पर्धा करावी लागते. रस्ता किंवा इमारत डोळ्यांना दिसते, मातीतून काढलेले विष दिसत नाही. त्यामुळे या स्पर्धेत माती मागे पडण्याचा धोका स्वाभाविक आहे.

(इ) कोळशावरील उपकर : २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर दर टनास ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला. तो वाढत जाऊन २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. त्यातून उभारलेल्या राष्ट्रीय निधीतून काही दूषित स्थळांच्या शुद्धीकरणाचे प्रकल्प अहवाल तयार करण्यास साह्य मिळाले होते. परंतु २०१०-११ ते २०१७-१८ या काळात जमा झालेल्या सुमारे ८६,४४० कोटी रुपयांपैकी सुमारे २९,६५० कोटी रुपयेच, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश, या निधीत वर्ग झाले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताच हा उपकर रद्द झाला आणि त्याची जागा राज्यांच्या भरपाईसाठीच्या उपकराने घेतली. एखाद्या हेतूसाठी कर बसणे आणि त्या हेतूसाठी तो खर्च होणे यांत किती अंतर असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

(ई) दूषित स्थळ व्यवस्थापन नियम, २०२५ : २४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. नियम आले त्या वेळी देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झाली होती आणि त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी शुद्धीकरणाचे काम सुरू झाले होते. नव्या नियमांची कार्यपद्धती अशी : स्थानिक संस्था अथवा जिल्हा प्रशासनाने स्वतःहून किंवा नागरिकांच्या तक्रारीवरून आपल्या हद्दीतील संशयित दूषित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावयाची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची. संशय खरा वाटल्यास सविस्तर तपासणी, त्यानंतर तज्ज्ञ संस्थेकडून शुद्धीकरणाचा आराखडा आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्चाची वसुली. जबाबदार व्यक्ती सापडत नसेल वा खर्च देण्यास असमर्थ असेल, तर भार केंद्र व राज्य शासनांनी उचलावयाचा.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निदान कागदावरचे उत्तर येथे मिळते. तथापि या नियमांतून किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि नगरपालिकांच्या घनकचऱ्याचे डेपो यांमुळे दूषित झालेली स्थळे सामान्यतः वगळण्यात आली आहेत.

(उ) आदिवासींसाठीचे निधी : पंचायत विस्तार कायदा, १९९६ (पेसा) अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार देतो. अशा क्षेत्रांतील खाणबाधित गावांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या आराखड्यास ग्रामसभेची मान्यता लागते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय घेतला. संविधानाच्या अनुच्छेद २७५ (१) खालील अनुदान हे अनुसूचित क्षेत्रापुरते मर्यादित नसून राज्यातील अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठीही आहे. परंतु भूमी-शुद्धीकरण हा त्याचा रूढ विषय नाही.

क्षेत्राची मेख

वरील मार्गांपैकी शेवटचा आपल्या जिल्ह्याला कितपत लागू होतो, हे पाहू. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने निश्चित झाली आहेत. त्यांत शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरातील गावे आहेत. हिंगोली जिल्ह्यातील एकही गाव नाही. आंध जमात दोन्हीकडे राहते; बोली, देवदेवता आणि सोयरिकी सामाईक आहेत. परंतु किनवटच्या अनुसूचित गावातील आंध शेतकऱ्याच्या ग्रामसभेला पेसाचे अधिकार आणि ५ टक्के निधी आहे, तर औंढा किंवा कळमनुरीच्या आंध शेतकऱ्याच्या ग्रामसभेला तो नाही. कळमनुरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि व्यक्तिगत लाभाच्या योजना त्याद्वारे पोहोचतात. मात्र जमिनीवर सामूहिक अधिकार देणारी तरतूद व्यक्तीला नव्हे, क्षेत्राला चिकटलेली आहे.

वन हक्क अधिनियम, २००६ मात्र सर्वत्र लागू आहे. त्याच्या कलम ५ अन्वये वनहक्कधारक व ग्रामसभा यांना जलस्रोत, पाणलोट क्षेत्र आणि आपला अधिवास यांचे रक्षण करण्याचा अधिकार आहे. अनुसूचित क्षेत्राबाहेरील आदिवासी गावासाठी हा एक महत्त्वाचा आधार होय. पण त्या अधिकाराबरोबर निधी येत नाही.

गोव्यातील अनुभव

अनुसूचित क्षेत्राचे कवच नसलेल्या आदिवासी गावांच्या जमिनी दूषित झाल्या म्हणजे काय घडते, हे पाहण्यासाठी गोव्याकडे वळणे उपयुक्त ठरते. गोव्यातही अनुसूचित क्षेत्र नाही. तेथील कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तोपर्यंत त्यांच्या डोंगरांवर पोर्तुगीज काळात दिलेल्या आणि १९८७ च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतरित झालेल्या सवलतींच्या आधारे खाणी चालू होत्या.

गोव्यात एक टन लोहखनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे ढिगारे डोंगरउतारावर रचले जातात आणि कोकणपट्टीतील पावसात ती माती ओढ्यांतून खालच्या भातशेतीत व कुळागरांत उतरते. लोह व मँगनीजयुक्त हा बारीक गाळ शेतात साचून घट्ट होतो, पाण्याचा निचरा अडतो आणि भाताचे रोप तग धरत नाही. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिजाची निर्यात झाली, यावरून या गाळाच्या प्रमाणाची कल्पना यावी. दक्षिण गोव्यात केपे तालुक्यातील कावरे या वेळीप समाजाच्या गावाने या खाणकामाविरुद्ध दीर्घ लढा दिला. पुढे, खाण चालवावयाचीच असेल तर ती गावाच्या सहकारी संस्थेमार्फत चालावी, अशीही मागणी तेथील रहिवाशांनी केली.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निर्णयात न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदेशीर ठरविले आणि लोहखनिजाच्या विक्रीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम एका कायम निधीत जमा करण्याचा आदेश दिला. शाश्वत विकास आणि पुढील पिढ्यांचा हक्क हा या निधीचा हेतू होय. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्च २०१८ पासून खाणकाम पुन्हा थांबले. पुढे २०२२ पासून नव्या लिलावांची प्रक्रिया सुरू झाली.

निधीच्या दृष्टीने या घटनाक्रमाचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. कायम निधी आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान हे दोन्ही खनिजाच्या टनामागे भरतात. खाण चालू असेपर्यंत निधीत पैसा येतो व शेतात गाळही येतो. खाण बंद होते तेव्हा नव्या उत्पादनावरील अंशदान थांबते. शेतातला गाळ मात्र तेथेच असतो. ज्या वेळी शुद्धीकरणाचे काम खऱ्या अर्थाने सुरू करता येईल, नेमक्या त्याच वेळी निधीचा झरा आटतो. खाणपट्टा बंद करताना जमीन सुस्थितीत आणण्यासाठी घ्यावयाची आर्थिक हमी आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ती ‘अ’ वर्गातील खाणींसाठी हेक्टरी ५ लाख आणि ‘ब’ वर्गातील खाणींसाठी हेक्टरी ३ लाख रुपये झाली. परंतु ती मोजली जाते खाणीसाठी वापरलेल्या क्षेत्रावर; डोंगराखालच्या दुसऱ्याच्या भातशेतीवर नव्हे. शिवाय खाणकाम वगळल्यामुळे २०२५ च्या नियमांचा आधारही अशा शेतीला सहजासहजी मिळत नाही.

नवाहो समाजाचा अनुभव

अमेरिकेतील नवाहो आदिवासींच्या भूमीत १९४४ ते १९८६ या काळात सुमारे तीन कोटी टन युरेनियम खनिज काढले गेले. कंपन्या निघून गेल्या आणि मागे ५०० हून अधिक बेवारस खाणी राहिल्या. त्यांतील अनेक खाणींची जबाबदारी कोणाची, हेच ठरविता येत नव्हते. मोठा निधी मिळाला तो एका जुन्या कंपनीच्या दिवाळखोरीच्या खटल्यात. खाणींचे दायित्व एका नव्या कंपनीवर ढकलून मूळ व्यवसाय त्यातून मोकळा करून घेतल्याचा आक्षेप तेथे सिद्ध झाला. २०१४ मध्ये ५१५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तीतून नवाहो भूमीतील सुमारे ५० खाणींच्या शुद्धीकरणासाठी सुमारे ९८.५ कोटी डॉलर उपलब्ध झाले. इतर तडजोडी धरूनही निम्म्याहून अधिक खाणींसाठी निधीची सोय नव्हती. कोणती खाण कोणाची, याचे दस्तऐवज ज्यांच्याबाबत टिकले, त्यांनाच पैसा मिळाला.

या अनुभवाबरोबर अमेरिकेच्या २००२ च्या कायद्यातील एक तरतूद पाहण्यासारखी आहे. दूषित व पडीक जागांच्या शुद्धीकरणासाठी राज्यांना आणि आदिवासी शासनांना त्या कायद्याने वार्षिक अनुदान मिळते, आणि त्या अनुदानाचे पहिले प्रयोजन आहे अशा जागांचे सर्वेक्षण करून यादी तयार करणे. अर्थात आदिवासी समाजाला प्रथम मोजण्यासाठी पैसा दिला जातो, शुद्धीकरणाची पायरी नंतर येते.

विवेचन : यादी हेच निधीचे दार

बिच्छरी, गोवा आणि नवाहो या तिन्ही ठिकाणी एक सूत्र समान दिसते. निधी गरजेच्या मागे जात नाही. तो नोंदीच्या मागे जातो. बिच्छरीत नीरीचा अहवाल होता म्हणून आकडा ठरला. गोव्यात आयोगाचा अहवाल होता म्हणून न्यायालयाला खनिजाच्या उत्पन्नावर हात ठेवता आला. पण खालच्या शेतांची शेतनिहाय नोंद नसेल, तर त्या निधीतील वाटा त्या शेतांपर्यंत कसा पोहोचणार? नवाहो भूमीत कागद टिकला तेथे पैसा पोहोचला.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याला लागू करून पाहता असे दिसते की, येथे मोठ्या खाणी नसल्याने खनिज प्रतिष्ठानाचा मोठा आधार नाही. अनुसूचित क्षेत्र नसल्याने पेसाचा आधार नाही. न्यायाधिकरणाचे दार पाच वर्षांच्या मुदतीने अरुंद झालेले आहे. उरतो तो २०२५ च्या नियमांचा मार्ग. खाणी नसल्यामुळे त्यातील खाणकामाचा अपवाद आपल्या गावांच्या आड येत नाही, ही जमेची बाजू. या मार्गाचे एक वैशिष्ट्य ग्रामीण भागासाठी फार मोलाचे आहे : सुरुवात करण्यासाठी प्रदूषण सिद्ध करावे लागत नाही, संशय पुरेसा आहे. तपासणीचा भार मंडळावर आहे. ग्रामपंचायतीला केवळ जागा दाखवावयाची आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, नियम कागदावर राहतील, मंडळाकडे मनुष्यबळ अपुरे आहे आणि १०३ पैकी ७ हे प्रमाण आशादायक नाही. हा आक्षेप खोटा नाही. परंतु यादीत नसलेल्या जागेचे प्रमाण शून्य आहे, हेही तितकेच खरे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एखादी जमीन ‘संशयित’ म्हणून नोंदली गेली, तर तेथील हळद किंवा भाजीपाला बाजारात कोण घेईल, अशी भीती शेतकऱ्याला वाटू शकते. ज्या जिल्ह्यात हळद हे रोख उत्पन्नाचे प्रमुख पीक आहे, तेथे ही भीती हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून नोंद करताना गट क्रमांक आणि क्षेत्र नेमके द्यावे, संपूर्ण गावाचे नाव गोवू नये, आणि तपासणीत जमीन निर्दोष आढळल्यास तसा लेखी निष्कर्ष मिळवून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, हे आवश्यक ठरते.

निष्कर्ष व सूचना

१. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व न्याय्य आहे. तथापि प्रदूषक अज्ञात, दिवाळखोर वा परागंदा असेल तेथे ते अपुरे पडते. अशा जमिनींसाठी सार्वजनिक निधीची हमी असणे अपरिहार्य आहे.
२. खनिजाच्या टनाशी जोडलेले निधी खाण बंद होताच आटतात. त्यांतील ठराविक भाग खाणीनंतरच्या भूमी-शुद्धीकरणासाठी राखून ठेवला पाहिजे आणि तो खाणपट्ट्याबाहेरील शेतीलाही लागू असला पाहिजे.
३. अनुसूचित क्षेत्राबाहेरील आदिवासी गावांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांमार्फत माती व पाणी यांच्या घातक घटकांच्या तपासणीसाठी स्वतंत्र, लहान तरतूद व्हावी. शुद्धीकरणाच्या कोट्यवधींच्या तुलनेत ही रक्कम अल्प आहे; परंतु पहिला रुपयाच सर्वांत दुर्मीळ असतो.
४. ग्रामसभांनी वर्षातून एकदा आपल्या शिवारातील संशयित जागांचा आढावा घेऊन ठराव करावा व तो जिल्हा प्रशासनाकडे पाठवून पोच घ्यावी. पोच ही पुढील प्रत्येक मागणीची पहिली कडी असते.
५. महाविद्यालयांनी या कामात सहभागी व्हावे. पदवीस्तरावर अनिवार्य झालेल्या पर्यावरण अभ्यासात क्षेत्रीय प्रकल्प असतो. दरवर्षी तेच ते निबंधवजा प्रकल्प स्वीकारण्याऐवजी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील बंद कारखाने, जुनी गोदामे, कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचे ढीग, रंग बदललेल्या विहिरी यांची गट क्रमांकासह नोंद करून घेता येईल. परभणीचे कृषी विद्यापीठ जवळच आहे. रसायनशास्त्र व भूगोल विभागांचे साह्य घेता येईल. नोंदवही महाविद्यालयात राहील आणि तिची प्रत ग्रामपंचायतीस जाईल.

समारोप

त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मी पुढच्या तासाला पुन्हा वर्गासमोर ठेवला. करणारा सापडला नाही तर वावराचे काय, याचे आज देता येण्याजोगे उत्तर असे : ते वावर प्रथम यादीत आले पाहिजे, यादीत आले तर तपासणी मागता येते, तपासणी झाली तर आकडा मिळतो आणि आकडा मिळाला तर शासनाकडे बोट दाखविता येते. हे उत्तर समाधानकारक नाही, कारण प्रत्येक पायरीवर विलंब आहे. परंतु पहिली पायरी ही न्यायालयाच्या, शासनाच्या वा कंपनीच्या हाती नसून गावाच्या हाती आहे. ती चढण्यास गावाला साह्य करणे हे त्या गावांतील मुलांना शिकविणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.